रमा आणि उमा: दोन नावांची कुळकथा

रमा आणि उमा ही दोन नावे कानाला जुळ्या बहिणींसारखी वाटतात. दोन्ही दोन अक्षरांची, दोन्हींचा शेवट ‘मा’ने, दोन्ही देवींची. एक लक्ष्मी, दुसरी पार्वती. जुळ्या मुलींसाठी किंवा पाठोपाठच्या बहिणींसाठी ही जोडी सहज सुचते. पण त्यांचे हे सारखेपण उच्चारापुरतेच आहे. शब्द म्हणून त्यांची मुळे निरनिराळी आहेत, ग्रंथांत ती वेगवेगळ्या वाटांनी आली, आणि महाराष्ट्रात तर एकीचे नशीब दुसरीपेक्षा अगदीच निराळे निघाले.

दोघींत वाङ्मयातला जुना मान उमेचा. केनोपनिषदाच्या तिसऱ्या खंडात ती पहिल्यांदा ठळकपणे दिसते, आणि तीही कोणाची पत्नी म्हणून नव्हे. असुरांवरच्या विजयाने देव फुगून गेले होते. त्यांच्यापुढे एक यक्ष उभा राहिला. अग्नीला त्याने पुढे टाकलेली गवताची काडी जाळता आली नाही, वायूला ती उडवता आली नाही. इंद्र जवळ गेला तेव्हा यक्ष अदृश्य झाला, आणि त्याच आकाशात अतिशय शोभणारी एक स्त्री दिसली: उमा हैमवती. तो यक्ष म्हणजे ब्रह्म, आणि विजय खरा त्याचा, हे तिने इंद्राला सांगितले. म्हणजे देवांच्या राजाला ब्रह्माची ओळख करून देणारी शिक्षिका, ही उमेची पहिली भूमिका. ‘हैमवती’ या शब्दाचे शंकराचार्यांनी आपल्या भाष्यात दोन अर्थ दिले आहेत: सोन्याच्या अलंकारांनी मढल्यासारखी, किंवा हिमवंताची कन्या. पुढच्या परंपरेने दुसरा अर्थ उचलला आणि उमा कायमची हिमालयाची लेक झाली. तैत्तिरीय आरण्यकाच्या दहाव्या प्रपाठकात रुद्राला उमापती म्हटले आहे. तिथपर्यंत शिव आणि उमा यांचे नाते पक्के झालेले दिसते.

या नावाचा सर्वांत लोकप्रिय अर्थ मात्र एका आईच्या काळजीतून आलेला आहे. ‘उ’ हे संबोधन आणि ‘मा’ म्हणजे नको. घोर तप करायला निघालेल्या मुलीला आई मेना ‘अगं, नको’ म्हणाली, आणि तेच तिचे नाव पडले. ही कथा हरिवंशात आहे, आणि कालिदासाने ‘कुमारसंभवा’च्या पहिल्या सर्गात ती घेतली आहे. त्याच तपात तिने झाडाची गळलेली पानेसुद्धा खायची सोडली, म्हणून ती अपर्णा. आज मराठी घरांत अपर्णा आणि उमा ही दोन्ही नावे वेगवेगळ्या मुलींना दिली जातात, पण त्यांची कथा एकच आहे. व्युत्पत्ती म्हणून ‘उ, मा’ हे स्पष्टीकरण अभ्यासकांना पटत नाही. नाव आधी होते आणि गोष्ट त्याच्यासाठी मागाहून रचली गेली, हेच अधिक संभवते. तरीही गोष्टीचे मोल कमी होत नाही. नाव ठेवणाऱ्या माणसांना नावातून काय ऐकू येत होते, ते तिच्यातून कळते.

कोशांत उमेचे आणखी एक रूप सापडते, ते शेतातले. उमा म्हणजे जवस, अळशी. अमरकोशात अतसी, उमा आणि क्षुमा ही एकाच पिकाची नावे आहेत. पाणिनीला तर हा शब्द शेतीच्याच संदर्भात माहीत आहे: जवसाच्या धाग्यापासून बनलेली वस्तू ‘औम’ किंवा ‘औमक’ आणि जवसाचे शेत ‘उम्य’ किंवा ‘औमीन’, अशी रूपे त्याची सूत्रे सिद्ध करतात. जवसाचे निळे फूल, त्याचा धागा, त्याचे तेल आणि आपल्याकडची जवसाची चटणी यांच्याशी देवीच्या नावाचा संबंध लावणे अवघड आहे. हे बहुधा एकाच उच्चाराचे दोन स्वतंत्र शब्द असावेत. शिवाय हळद, कांती आणि कीर्ती हेही उमेचे अर्थ कोशांत दिले आहेत. मुलीच्या नावाचा अर्थ सांगताना ‘तेज’ किंवा ‘कीर्ती’ असे छापलेले आढळते, ते याच कोशांतून आलेले.

उमेच्या नावाचा प्रवास हिंदुकुशापर्यंत झालेला आहे. कुषाण राजा हुविष्क याच्या नाण्यावर शिवरूप ओएशोच्या बाजूला एक देवी उभी आहे आणि तिच्याजवळ ग्रीक लिपीत ‘ओम्मो’ असे नाव कोरलेले आहे. अफगाणिस्तानात रबातक येथे 1993 मध्ये सापडलेल्या कनिष्काच्या बॅक्ट्रियन भाषेतील शिलालेखात नना देवीबरोबर उम्मा देवीचेही नाव येते. दुसऱ्या शतकाच्या सुमारास मध्य आशियाच्या वेशीवर उमा या नावाने देवी पूजली जात होती, याचे हे धातूतले आणि दगडातले पुरावे आहेत. दक्षिणेला ती ‘उमै’ झाली. पल्लवांच्या काळापासून दगडात आणि चोळांच्या काळी पंचधातूत घडलेली सोमास्कंद मूर्ती म्हणजे स-उमा-स्कंद: उमा आणि बाळ स्कंद यांच्यासह बसलेला शिव. ‘सोम’ या शब्दाची ‘उमेसह असलेला तो’ अशी फोडही याच वळणाची आहे. शाक्त परंपरेने तर उ, म, अ हीच अक्षरे ओंकारात आहेत हे दाखवून उमेला देवीचा प्रणव मानले.

रमेची सुरुवात इतकी नाट्यमय नाही. तिच्यासाठी उपनिषदात आकाश उजळत नाही. तिचे मूळ एका साध्या धातूत आहे: रम्. मराठी माणसाला हा धातू शिकवावा लागत नाही. रमणे, रममाण, रम्य, रमणीय, आराम, विराम हे सगळे त्याचेच गोत. वैदिक भाषेत या धातूचा अर्थ थांबणे, विसावणे, स्थिर होणे असा होता. आनंद घेणे हा अर्थ त्यातून उमलला, कारण मन जिथे स्थिरावते तिथेच ते सुखावते. रमा म्हणजे रमवणारी, किंवा जिच्या ठायी विष्णू रमतो ती. लक्ष्मीला परंपरा चंचला म्हणते, एका घरी न टिकणारी म्हणते. तिच्याच नावांपैकी एकाच्या मुळाशी थांबणे आणि विसावणे असावे, ही या नावाची खरी श्रीमंती आहे. बारशाला लेकीसाठी हे नाव निवडणाऱ्या घराला नकळत दोन्ही मिळतात, संपत्ती आणि तिचे टिकणे.

भागवताच्या आठव्या स्कंधात समुद्रमंथनातून लक्ष्मी वर येते तेव्हा तिला श्री आणि रमा म्हटले आहे. अमरकोश लक्ष्मीच्या नावांत पद्मा, कमला, इंदिरा यांच्याबरोबर रमा देतो. त्याच यादीत नुसते ‘मा’ हेही लक्ष्मीचे नाव आहे. माधव म्हणजे ‘मा’चा धव, लक्ष्मीचा पती, अशी फोड त्यावरूनच केली जाते. म्हणजे दोन्ही नावांच्या शेवटी येणारे हे सारखे अक्षरही परंपरेने दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी ऐकले आहे: एकीकडे ती साक्षात लक्ष्मी, तर उमेच्या कथेत नकार. मध्वाचार्यांच्या द्वैत संप्रदायाने लक्ष्मीसाठी रमा हे नाव विशेष आवडीने वापरले. पंचांगातही तिची तिथी आहे. अश्विन वद्य एकादशीला रमा एकादशी म्हणतात, आणि तिच्या पाठोपाठ वसुबारस येऊन दिवाळी सुरू होते. उमेचे व्रत उमामहेश्वराचे, भाद्रपद पौर्णिमेला.

रमा ही रामाची स्त्रीलिंगी जोड, असा समज बऱ्याच घरांत असतो. तो अर्धाच खरा. राम आणि रमा एकाच धातूची लेकरे आहेत, पण रामाचे स्त्रीलिंगी रूप ‘रामा’ होईल, आणि संस्कृतात ‘रामा’ म्हणजे सुंदर स्त्री. रमा हा वेगळा, ऱ्हस्व रकाराचा शब्द आहे आणि तो लक्ष्मीचा. संस्कृतच्या पाठशाळांत मात्र या दोघांची जोडी खरोखरच आहे. अकारान्त पुल्लिंगी नाम चालवायचे तर ‘राम’ आणि आकारान्त स्त्रीलिंगी चालवायचे तर ‘रमा’ हे नमुने भट्टोजी दीक्षितांच्या ‘सिद्धान्तकौमुदी’त आणि वरदराजाच्या ‘लघुसिद्धान्तकौमुदी’त दिलेले आहेत. रमा, रमे, रमाः ही रूपे घोकत पिढ्यान्‌पिढ्यांनी विभक्ती पाठ केल्या. उमा, माला, गंगा या सगळ्या त्या व्याकरणात रमेच्या मागून चालतात. मराठीत हाक मारतानाही दोघी एकाच चालीने वळतात: अगं रमे, अगं उमे. लाडाने रमी आणि उमी, मोठेपणी रमाबाई आणि उमाबाई.

या नावांचा खरा जुळेपणा पुरुषांच्या नावांत फुलला. रमेला ईश जोडला की रमेश, उमेला जोडला की उमेश. रमाकांत आणि उमाकांत, रमानाथ आणि उमानाथ, रमापती आणि उमापती. पहिला विष्णू, दुसरा शिव. सख्ख्या भावांची नावे रमेश-उमेश असलेली कुटुंबे महाराष्ट्रात किती तरी भेटतात, आणि त्या घरांत हरी आणि हर शेजारी शेजारी नांदत असतात. रमाशंकर या उत्तरेकडच्या नावात तर विष्णूची लक्ष्मी आणि शंकर एकाच शब्दात आले आहेत. नुसत्या देवीच्या नावाचा मुलग्यासाठी वापर बंगालमध्ये विशेष. कोलकात्याचे आशुतोष मुखर्जी यांच्या मुलांची नावे रमाप्रसाद, श्यामाप्रसाद, उमाप्रसाद आणि वामाप्रसाद अशी होती. श्यामाप्रसाद राजकारणात गेले, रमाप्रसाद न्यायाधीश झाले, आणि उमाप्रसादांनी हिमालयात हिंडून बंगालीत प्रवासवर्णने लिहिली. महाराष्ट्रात उमा पुरुषाच्या नावात ‘जी’ लावून आली. पुरंदरच्या परिसरात इंग्रजांविरुद्ध उठाव करणाऱ्या आणि 1832 मध्ये फासावर गेलेल्या उमाजी नाईकांचे नाव त्याची खूण आहे.

पत्रिकेवरून नाव ठेवणाऱ्यांसाठी मात्र या दोन नावांचा यमकाशी काही संबंध उरत नाही. अवकहडा चक्रात ‘उ’ हे अक्षर कृत्तिकेच्या तिसऱ्या चरणाचे, म्हणून उमा वृषभ राशीची. ‘र’ येतो चित्रेच्या तिसऱ्या चरणात, म्हणून रमा तुळेची. राशिचक्रात त्यांच्यामध्ये चार राशींचे अंतर पडते. दोन्ही राशींचा स्वामी शुक्र आहे, एवढेच काय ते नाते.

महाराष्ट्रात मुलीला नाव दोनदा मिळत असे, एकदा बारशाला आणि एकदा लग्नात. ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीने नवे नाव लिहितो, ही रीत अजून पुष्कळ ठिकाणी पाळली जाते. जुन्या काळी हे नाव बहुधा नवऱ्याच्या नावाशी जुळवून ठरत असे. विष्णूचे नाव असलेल्याची रमा किंवा लक्ष्मी, शंकराचे नाव असलेल्याची उमा किंवा पार्वती. माधव आणि रमा ही त्यातली सर्वांत परिचित जोडी, कारण ती इतिहासात दोनदा घडली. थोरले माधवराव पेशवे 1772 च्या नोव्हेंबरात थेऊरला क्षयाने वारले आणि त्यांची पत्नी रमाबाई तिथेच सती गेली. मुळा-मुठेकाठचे तिचे वृंदावन आजही लोक पाहायला जातात. रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’ या कादंबरीने ही जोडी विसाव्या शतकातल्या मराठी घरांत पुन्हा नेली, आणि 2014 साली आलेल्या चित्रपटाचे नावच ‘रमा माधव’ होते.

दुसरी जोडी न्यायमूर्ती रानड्यांची. त्यांचे मूळ नाव महादेव. नावांच्या हिशेबाने महादेवाशी उमा जुळायला हवी. पण लोक त्यांना माधवराव म्हणत, आणि 1873 मध्ये त्यांच्याशी लग्न होऊन सांगलीकडच्या देवराष्ट्र्याहून आलेली कुर्लेकरांची यमुना सासरी रमा झाली. पुढे ही रमाबाई लिहायला-वाचायला शिकली, इंग्रजी शिकली, सभांत बोलली, 1909 मध्ये पुण्यात सेवासदन उभे करण्यात पुढे राहिली आणि 1910 मध्ये ‘आमच्या आयुष्यांतील कांही आठवणी’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध केले. सासरी मिळालेले नाव तिने स्वतःच्या कामाने स्वतःचे केले.

तिच्या काही वर्षे आधी, 1858 मध्ये, सह्याद्रीच्या जंगलात गंगामूळ येथे अनंतशास्त्री डोंगरे यांना मुलगी झाली. तिचे नाव जन्मापासूनच रमा. वडिलांनी मुलींना संस्कृत शिकवू नये या रूढीकडे पाठ फिरवली होती. दुष्काळात आईवडील गमावल्यावर भावाबरोबर पायी हिंडत ती कोलकात्याला पोचली, आणि 1878 मध्ये तिथल्या पंडितांनी तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. लक्ष्मीचे नाव आणि सरस्वतीची पदवी एकाच बाईच्या वाट्याला आली. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये तिने ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा नवे नाव मेरी रमा ठेवले गेले. म्हणजे देवी सुटली, पण नाव सुटले नाही. तिच्या मुलीचे नाव मनोरमा, आणि त्यातही रम् धातू आहेच. शारदासदन, केडगावचे मुक्तिमिशन, आयुष्याच्या शेवटी पुरे केलेले बायबलचे मराठी भाषांतर, हे सगळे पंडिता रमाबाई याच नावाने झाले. हिंदू देवीचे नाव ख्रिस्ती घरात सन्मानाने राहू शकते, हे एका माणसाच्या आयुष्याने दाखवले.

आणि तिसरी रमा वणंदची. दापोलीजवळच्या त्या गावात जन्मलेल्या, माहेरी रमी म्हटल्या जाणाऱ्या मुलीचे 1906 मध्ये भीमराव आंबेडकरांशी लग्न झाले. बाबासाहेब परदेशात शिकत असताना मुंबईत तिने काढलेले दिवस, शेणी थापणे, उपासमार, एकामागून एक गेलेली मुले, आणि 27 मे 1935 रोजी झालेला मृत्यू, हे महाराष्ट्रातल्या लाखो घरांना तोंडपाठ आहे. बाबासाहेबांनी ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हे पुस्तक तिला अर्पण केले, आणि त्यात तिला ‘रामू’ म्हटले. समाजाने तिला रमाई केले. ‘आई’ जोडल्यावर हा शब्द लक्ष्मीचा राहत नाही, एका विशिष्ट बाईचा होतो. 1956 च्या धर्मांतरानंतर पुराणातल्या देवदेवता सोडलेल्या बौद्ध घरांतही मुलीचे नाव रमा ठेवले जाते ते याच रमाईच्या आठवणीने. 7 फेब्रुवारीला तिची जयंती होते, वस्त्यांना तिचे नाव आहे, आणि राज्य सरकारच्या घरकुल योजनेचे नाव रमाई आवास योजना आहे. क्षीरसागरातून निघालेले नाव तीन धर्मांच्या उंबऱ्यांवरून गेले, आणि आजच्या महाराष्ट्रात ते उच्चारले की पुष्कळांना देवीच्या आधी माणूस आठवतो.

उमेला असे नशीब महाराष्ट्रात लाभले नाही. इतिहासात एक थोर उमाबाई मात्र आहे: सेनापती खंडेराव दाभाड्यांची पत्नी. नवरा 1729 मध्ये गेला, मुलगा त्रिंबकराव 1731 मध्ये डभईच्या लढाईत बाजीरावाच्या सैन्याकडून मारला गेला, आणि त्यानंतर तळेगावच्या दाभाड्यांचा कारभार तिने स्वतःच्या हाती घेतला. गुजरातच्या मोहिमेत ती जातीने उतरली. वणीच्या सप्तशृंगगडाच्या पायऱ्या तिनेच बांधवल्याचे सांगितले जाते. इतकी कर्तबगारी असूनही तिच्या नावाने मुलींची नावे ठेवण्याची लाट आली नाही.

याचे एक कारण लोकधर्मात दिसते. मराठी मुलुखात पार्वतीचे जिव्हाळ्याचे नाव उमा नसून गौरी आहे. भाद्रपदात तीन दिवस माहेरपणाला येणारी, पाटावर बसवली जाणारी, पुरणपोळी आणि घावनघाटले खाऊन सासरी जाणारी लेक ती गौरी. बंगालमध्ये हीच जागा उमेची आहे. तिथे शरदात दुर्गापूजेच्या चार दिवसांत माहेरी येणाऱ्या मुलीला आई मेनका उमा म्हणून हाक मारते, आणि रामप्रसाद सेन व कमलाकांत भट्टाचार्य यांनी रचलेल्या आगमनी गीतांत ती वाट पाहणे, तो विरह भरून राहिला आहे. ज्या नावाला सणाचे आणि माहेरचे पाठबळ मिळते ते घरोघर जाते. महाराष्ट्रात ते गौरीला मिळाले, म्हणून इथे उमा हे अधिक करून शिकलेल्या, संस्कृतशी परिचय असलेल्या घरांचे नाव राहिले. दक्षिणेत, विशेषतः तमिळ आणि तेलुगू घरांत, ते उमामहेश्वरी किंवा उमादेवी अशा रूपांतही चांगले रुळले आहे. रमेला दक्षिणेत आणि पूर्वेतही घरे मिळाली. ओडिशातील स्वातंत्र्यसैनिक रमादेवी चौधुरी यांच्या नावाचे महिला विद्यापीठ भुवनेश्वरला आहे, आणि बंगाली अभिनेत्री सुचित्रा सेन यांचे पाळण्यातले नाव रमाच होते.

परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांना या दोन नावांतला आणखी एक फरक जाणवतो, तो लिपीचा. उमा रोमन लिपीत तीन अक्षरांत लिहिली तरी वाचणारा ती उमाच वाचतो. रमा मात्र रोमनमध्ये उतरली की राम, रामा आणि रमा हे तिन्ही शब्द एकाच चार अक्षरांत मावतात, आणि हजेरी घेणारा शिक्षक बहुधा दीर्घ रा म्हणून मुलीला रामाच्या नावाने हाक मारतो. काही पालक त्यावर उपाय म्हणून नाव बदलतात, काही मुलीला पहिल्याच दिवशी ऱ्हस्व र शिकवून पाठवतात. उमेचीही एक जुळी परक्या भाषेत भेटते. तिबेटी भाषेत ‘उमा’ असा उच्चार होणारा एक शब्द आहे, त्याचा अर्थ मध्य, आणि नागार्जुनाच्या माध्यमिक दर्शनाचे तिबेटी नाव त्यावरूनच आले आहे. हिमवंताच्या लेकीशी त्याचे नाते नाही.